सार्वजनिक ग्रंथालयातून कथा शोधण्याची आणि ती इतरांपर्यंत पोहोचवण्याची रीत

ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, पुस्तके नोंदलेली असतात, कथा नोंदलेल्या नसतात. एका संग्रहात दहा-पंधरा कथा असल्या तरी त्याची नोंद एकच होते. दिवाळी अंकाची नोंद झालीच, तर ती अंकाच्या नावाने आणि वर्षाने होते. आतल्या कथांची व कथाकारांची नावे तिच्यात येत नाहीत. मराठी कथेचा फार मोठा भाग आधी मासिकांत आणि दिवाळी अंकांत छापला गेला आणि त्यातले बरेच काही पुढे कोणत्याही संग्रहात आले नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ‘आमच्या वाचनालयात वाचण्यासारख्या कथा उरल्या नाहीत’ ही तक्रार किती घाईची असते ते कळते. कथा तेथेच असतात, परंतु त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट वाचकाला स्वतः पाडावी लागते. आणि एकाने पाडलेली वाट पुढच्याला दिसावी, अशी व्यवस्थाही वाचकांनीच करावी लागते. महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या वाचनालयात ही दोन्ही कामे कशी करता येतील, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

ग्रंथालयाची निवड आणि सभासदत्व

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. राज्यातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि त्यांना शासनाची मान्यता व अनुदान मिळते. त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग केलेले असतात. वर्ग खालचा असला म्हणून त्या ग्रंथालयाला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र लहान ग्रंथालय दिवसातून काही तासच उघडे असते, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी. याखेरीज जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय असते, आणि त्याची माहिती पुष्कळ वाचकांना नसते.

सभासद होण्यासाठी साधारणपणे अर्ज, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, परत मिळणारी अनामत रक्कम आणि वर्गणी एवढे लागते. अनामतीची पावती जपून ठेवावी. एकाच वर्गणीत पुस्तक आणि मासिक दोन्ही मिळतात की मासिकांसाठी वेगळी वर्गणी आहे, दिवाळी अंकांची योजना केव्हा सुरू होते, आणि जुने बांधीव अंक घरी मिळत नसल्यास ते बसून वाचण्याची सोय आहे का, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत.

जुन्या कथांचा शोध घ्यायचा असेल, तर जवळच्या वाचनालयाबरोबरच एखाद्या जुन्या ग्रंथालयाशीही संबंध जोडावा. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आपला आरंभ १८३२ पासून मोजते. अशा ठिकाणी जाण्याआधी तेथे काय पाहायचे आहे ते ठरवून, शक्य तर पत्राने किंवा दूरध्वनीने कळवून जावे, कारण जुने अंक बहुधा कोठीत असतात आणि ते काढून ठेवायला कर्मचाऱ्यांना वेळ लागतो.

मांडणी आणि तालिका

ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो आणि तो दाखल नोंदवहीत चढतो. हा क्रमांक पुस्तकाची कायमची ओळख असल्यामुळे आपल्या टिपणात तो अवश्य लिहावा. पुढची मांडणी ग्रंथालयागणिक बदलते. पुष्कळ ठिकाणी कथा, कादंबरी, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, बालवाङ्मय असे विभाग करून त्यांत पुस्तके लावलेली असतात. जेथे दशांश वर्गीकरण, म्हणजे प्रत्येक विषयाला अंक देऊन पुस्तके लावण्याची पद्धत, वापरले जाते तेथे मराठी साहित्य ८९१.४६ या अंकाखाली आणि त्यातील कथा-कादंबरी ८९१.४६३ खाली सापडते. लोककथा मात्र साहित्याच्या कपाटात नसून ३९८.२ खाली, रूढी आणि लोकजीवन यांच्या शेजारी असतात. लोककथा शोधणारा वाचक कथाविभाग पालथा घालून रिकाम्या हाताने परततो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

संगणकावरील तालिकेत शोधताना लेखकाचे आडनाव आधी टाकावे आणि ते सर्व संभाव्य रूपांनी टाकून पाहावे. ‘माडगूळकर’ आणि ‘माडगुळकर’ ही दोन्ही रूपे नोंदीत आढळू शकतात. आद्याक्षरांमध्ये टिंब किंवा मोकळी जागा असेल-नसेल तरीही निकाल बदलतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांच्या नावांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार येतात, त्यामुळे आजच्या लेखनाने शोधल्यास ती निसटतात. नावातील एकच निःसंदिग्ध शब्द टाकून शोधणे हा यावरचा सोपा उपाय आहे. जुन्या संग्रहांसाठी ‘कथा’ या शब्दाबरोबर ‘गोष्टी’ आणि ‘लघुकथा’ हे शब्दही वापरावेत. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ज्या कथा छापल्या, त्यांना ‘स्फुट गोष्टी’ असेच म्हटले जाई.

तालिका पाहून झाल्यावर कपाटापाशी जाऊन उभे राहण्यालाही पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. हवे ते पुस्तक मिळाले तरी त्याच्या डावी-उजवीकडची चार पुस्तके उघडून त्यांची अनुक्रमणिका वाचावी. जेथे वाचकांना कपाटांपाशी सोडत नाहीत, तेथे एका लेखकाचे सर्व संग्रह एकदम मागून टेबलावर पाहावेत. ग्रंथपालांना हेतू सांगितला तर ते सहसा नाही म्हणत नाहीत.

अर्धवट आठवणारी कथा

लहानपणी वाचलेली एखादी कथा मनात राहते, पण तिचे नाव आठवत नाही आणि लेखकही आठवत नाही. अशा वेळी ग्रंथालयात जाण्यापूर्वी घरी बसून जे जे आठवते ते कागदावर उतरवावे: कथा कोणत्या सुमारास वाचली, पुस्तकात की मासिकात, चित्रे होती का, निवेदन ‘मी’ करत होता की त्रयस्थ, गाव कोणते, पात्रांची बोली कोणती, एखादे नाव, एखादी वस्तू, शेवट. बोलीचा धागा फार उपयोगी पडतो. माणदेशी, कोल्हापुरी, वऱ्हाडी किंवा मालवणी यांपैकी कोणती बोली होती एवढे सांगता आले, तरी जाणता ग्रंथपाल दोन-चार लेखकांवर येऊन थांबतो.

कथा शाळेत वाचलेली असण्याची शक्यता असेल, तर पाठ्यपुस्तकाचा मार्ग सर्वांत सोपा आहे. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याबरोबर लेखकाचा परिचय दिलेला असतो आणि मूळ पुस्तकाचा उल्लेखही बहुधा असतो. धडा संक्षिप्त केलेला असल्यास मूळ कथा त्या संग्रहात पूर्ण वाचायला मिळते. मुलांच्या मासिकातली कथा असेल, तर १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, तेथे पाहावे.

याने काम झाले नाही, तर सूचिग्रंथांकडे वळावे. शंकर गणेश दाते यांनी केलेल्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत. मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात ही सूची असते. ती घरी नेता येत नाही, परंतु एका बैठकीत ती जेवढे सांगते तेवढे कोणत्याही शोधयंत्राला सांगता येत नाही. पुस्तकाचे नाव निश्चित झाले आणि ते आपल्या वाचनालयात नसले, तर मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करावी. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी आपल्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवायची असते, त्यांत त्याचा समावेश आहे. दुर्मीळ जुन्या ग्रंथांच्या संगणकीय प्रती राज्य मराठी विकास संस्थेनेही उपलब्ध करून दिल्या आहेत.

जुनी मासिके आणि दिवाळी अंक

कथेचा खरा साठा येथे आहे, आणि म्हणून सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षीची दिवाळी मराठी कथेचा हंगाम ठरत आली आहे. १९३३ ते १९८२ या काळात चाललेल्या ‘सत्यकथे’त गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या पिढीची कथा घडली. त्या कथा आज संग्रहांत मिळतात हे खरे, परंतु मूळ अंकात वाचताना त्यांच्या मागे-पुढे कोण लिहीत होते, संपादक काय म्हणत होते, जाहिराती कसल्या होत्या हे सारे दिसते. शिवाय ज्यांचा एकही संग्रह निघाला नाही, अशा लेखक-लेखिकांची गाठ पडण्याचे ठिकाण हेच आहे.

बांधीव अंक पाहताना प्रथम वर्षाच्या शेवटच्या अंकाकडे जावे, कारण काही मासिके त्यात वर्षभराची सूची देत. ती नसल्यास प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका पाहावी. बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती, आणि अनुक्रमणिका त्यांच्याबरोबर गेली असेल तर पानेच उलटावी लागतात. उलट दिशेनेही शोध घेता येतो. कथासंग्रहाच्या आरंभी किंवा शेवटी पूर्वप्रसिद्धीची नोंद असेल, तर तिच्यावरून मूळ मासिक, महिना आणि वर्ष कळते. मूळ पाठ आणि संग्रहातला पाठ ताडून पाहावेत. लेखकाने शेवट बदललेला किंवा एखादा परिच्छेद गाळलेला आढळू शकतो.

जुना कागद ठिसूळ असतो. हात कोरडे ठेवावेत, बोट ओले करून पान उलटू नये, अंक पूर्ण उघडून दाबू नये आणि टिपणे पेन्सिलीने घ्यावीत. भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यायचे तर परवानगी विचारावी आणि झोत (फ्लॅश) बंद ठेवावा. छायाप्रत काढण्याच्या (झेरॉक्स) यंत्रावर बांधीव अंक उपडा दाबणे टाळावे, कारण त्याने शिवण उसवते.

एक गोष्ट वाचक मंडळींनी कार्यकारिणीपुढे आग्रहाने मांडावी. जागेअभावी दिवाळी अंक हंगाम संपल्यावर रद्दीत जातात. सगळे ठेवणे शक्य नसेल, तर निदान आपल्या जिल्ह्यातून निघणारे अंक आणि कथेसाठी नावाजलेले चार-पाच अंक दरवर्षी बांधून ठेवावेत, आणि रद्दीत जाणाऱ्या अंकांच्या अनुक्रमणिकांची पाने काढून एका धारिकेत लावावीत. याला खर्च जवळजवळ नाही आणि उपयोग मोठा आहे.

कथांची नोंदवही

वाचलेल्या कथेची नोंद त्याच दिवशी करावी. नोंदीत कथेचे नाव, लेखक, संग्रह किंवा अंक, वर्ष, पृष्ठे, ग्रंथालयाचा दाखल क्रमांक आणि कथेचे पहिले वाक्य एवढे असावे. पहिले वाक्य लिहिण्याचे कारण असे की, एकाच नावाच्या अनेक कथा असतात आणि एकच कथा वेगळ्या नावानेही पुन्हा छापली जाते. वाक्यावरून ओळख पक्की होते. त्याखाली दोन ओळींत विषय लिहावा, परंतु शेवट सांगू नये. बोली, कथा घडते तो प्रदेश आणि मोठ्याने वाचण्यास लागणारा वेळ हेही लिहिल्यास पुढे कथावाचनासाठी निवड करताना शोधाशोध करावी लागत नाही.

अशी वही एकट्याने ठेवली तर ती एका घरात राहते. म्हणून चार-पाच वाचकांनी मिळून ग्रंथालयासाठीच कथासूची करावी: एकाने एका मासिकाची काही वर्षे घ्यावीत, दुसऱ्याने एका लेखकाचे संग्रह घ्यावेत, आणि नोंदीचा नमुना सर्वांचा एकच असावा. सूची संगणकावर केली तरी तिची छापील प्रत देवघेव विभागाच्या टेबलावर राहील असे पाहावे, कारण पुष्कळ ज्येष्ठ वाचकांना हातात घेऊन चाळता येणारी वहीच सोयीची वाटते. लेखकानुसार, कथानामानुसार आणि विषयानुसार अशा तीन क्रमांनी ती लावली, तर ‘पावसावरची कथा आहे का?’, ‘गिरणी कामगारांवरची आहे का?’ अशा प्रश्नांना ग्रंथपालांना उत्तर देता येते.

ग्रंथालयातील कथावाचन

मराठीत कथा ऐकण्याची सवय जुनी आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी केलेल्या कथाकथनाला श्रोते गर्दी करत. कथाकथन पाठ असलेल्या कथेचे असते आणि त्याला सादरीकरणाचे अंग लागते. ग्रंथालयातील साप्ताहिक किंवा मासिक बैठकीसाठी पुस्तक हातात धरून केलेले वाचन अधिक बरे, कारण त्यात लेखकाचा शब्द जसाच्या तसा पोहोचतो आणि कोणताही वाचक ते करू शकतो.

प्रथम ग्रंथपालांशी बोलून मग कार्यवाहांना लेखी अर्ज द्यावा. वार आणि वेळ ठरवून ती बदलू नये. देवघेव विभाग उघडा असतानाची वेळ घ्यावी, कारण कथा ऐकल्यावर तो संग्रह लगेच घरी नेता आला पाहिजे. एका बैठकीला एकच कथा, वीस ते पंचवीस मिनिटांची, आणि नंतर तेवढाच वेळ बोलण्यासाठी ठेवावा. कथा आधी दोनदा मोठ्याने वाचून पाहावी. जेथे श्वास घ्यायचा तेथे आपल्या प्रतीवर खूण करावी, ग्रंथालयाच्या प्रतीवर करू नये. बोलीतील संवाद येत नसतील, तर ती बोली घरी बोलणाऱ्या सभासदाकडे ते वाचन सोपवावे. ओढूनताणून काढलेला हेल ती बोली बोलणाऱ्यांना बोचतो.

वाचनापूर्वी लेखकाचे नाव, कथा प्रथम कोठे व केव्हा छापली गेली आणि ग्रंथालयातील पुस्तकाचा क्रमांक सांगावा. लांबलचक प्रास्ताविक करू नये. नंतरच्या गप्पांत ‘कथेचे तात्पर्य काय?’ या प्रश्नाने सुरुवात केली की लोक गप्प होतात. ‘कोणते वाक्य लक्षात राहिले?’ असे विचारावे. मुलांसाठी वेगळी बैठक घ्यावी, ती अर्ध्या तासाच्या आत संपवावी आणि पुस्तकातील चित्रे सर्वांना दिसतील अशा बेताने त्यांना बसवावे. मराठीतील विनामूल्य सचित्र बालकथा प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर खुल्या परवान्याने मिळतात आणि त्या छापूनही घेता येतात. बैठकीची सुरुवात २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी किंवा १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी केली, तर ग्रंथालयाचा त्या दिवसाचा कार्यक्रम आणि आपला उपक्रम यांचा मेळ बसतो.

कॉपीराइटचा विचार आधीच करावा. १९५७ च्या कायद्यानुसार साहित्यावरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत राहतो. प्रकाशित साहित्यातील वाजवी उतारा जाहीरपणे वाचण्यास आणि हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणास कायद्यात सवलत आहे. वाचनाचे ध्वनिमुद्रण करून ते समाजमाध्यमांवर टाकणे ही मात्र वेगळी बाब आहे, आणि त्यासाठी लेखकाची, त्याच्या वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घेतलीच पाहिजे. ती मागणारे साधे पत्र ग्रंथालयाच्या नावाने पाठवावे.

गावातील तोंडी कथा

प्रत्येक गावात न छापलेल्या कथा असतात: देवळाच्या, विहिरीच्या, दुष्काळाच्या, गिरणीच्या संपाच्या, श्रावणात सांगितल्या जाणाऱ्या आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणून संपणाऱ्या. त्या गोळा करून ठेवण्यास ग्रंथालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्यांत गाणारणीचे आणि गावाचे नाव नोंदले गेले. त्या कामातून घेण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे: सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव कथेपासून तुटू देऊ नये.

सांगणाऱ्यांना आधी भेटून हेतू समजावून सांगावा, ध्वनिमुद्रण कोठे ठेवले जाईल आणि कोण ऐकू शकेल ते स्पष्ट करावे आणि संमती घ्यावी. कोणी नाव न देण्याची इच्छा सांगितली तर ती पाळावी. मध्ये टोकू नये, तारखा दुरुस्त करू नयेत. लिहून काढताना बोली प्रमाण मराठीत बदलू नये. अवघड शब्दांचे अर्थ खाली द्यावेत. लिहिलेला मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवावा आणि त्याने सांगितलेले बदल करावेत. एक छापील प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्यावी, दुसरी ग्रंथालयात दाखल क्रमांकासह ठेवावी.

ग्रंथालयाबाहेर

जे ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे पुस्तकांची पेटी नेता येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने ग्रंथपेट्या महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातील मराठी वाचकांपर्यंतही पोहोचवल्या. गावपातळीवर तेच काम लहान प्रमाणात करावे: वृद्धाश्रम, वसतिगृह किंवा मोठी सोसायटी येथे एका जबाबदार व्यक्तीच्या नावावर पंचवीस-तीस पुस्तके द्यावीत, त्यांची यादी दोन प्रतींत करावी आणि ठरलेल्या मुदतीने पेट्यांची अदलाबदल करावी. पेटीत कथासंग्रह अधिक ठेवावेत, कारण आजारी किंवा थकलेल्या माणसाला एका बैठकीत संपणारे वाचन झेपते. प्रत्येक पेटीत एक कोरी वही ठेवावी आणि वाचणाऱ्याने आवडलेल्या कथेचे नाव व पृष्ठ तिच्यात लिहावे. पेटी परत आली की त्या नोंदी ग्रंथालयाच्या कथासूचीत चढवाव्यात.